पट्टीवर हमाली दोनदा छापली गेली तेव्हा: कमिटआधीच्या तपासणीचा माझा अनुभव

मार्च महिना होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक भरात होती. आम्ही चौघं विश्रामबागेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून अडत्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो. सौदा झाला, वजन झालं, की शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी आमच्या प्रोग्रॅममधून छापून निघते. साडेअकराच्या सुमाराला एका अडत्यांचा फोन आला. "अहो, पट्टीवर हमाली दोनदा आलीय की ओ. आणि मधे हे बाण कसले छापलेत?"

बाण म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. कोडमधल्या बदलांची नोंद आम्ही गिट या साधनात ठेवतो, आणि प्रत्येकाचं काम वेगळ्या शाखेत, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीत चालतं. दोन शाखा एकत्र करताना एकाच जागी दोघांनी बदल केलेला असेल, तर गिट त्या जागी दोन्ही मजकूर ठेवतं आणि भोवती सात-सात चिन्हांच्या ओळी घालतं. त्यातलं एक निवडून बाकीचं पुसायचं काम माणसाचं. पायथॉन भाषेतल्या कोडच्या फाइलमध्ये अशी ओळ राहिली तर प्रोग्रॅम चालतच नाही, लगेच कळतं. पण ही ओळ पट्टीच्या छपाईच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात राहिली होती. तिथं तो नुसता मजकूर. त्यामुळं हमालीची जुनी ओळही छापली, नवीही छापली, आणि वर बाण.

एकूण रक्कम बरोबर होती, कारण ती वेगळीकडं मोजली जाते. पण कडेगावकडून पहाटे हळद घेऊन आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्यानं पट्टीवर हमाली दोनदा कापलेली पाहिली आणि तो अडत्यांच्या पेढीवर उभा राहिला. वर्षभराच्या पिकाचा तो कागद. त्या कागदावरचा एक आकडा खटकला की बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वीस मिनिटांत दुरुस्ती पाठवली, पट्ट्या पुन्हा छापून दिल्या, संध्याकाळी स्वतः जाऊन माफी मागितली.

ती चूक ज्या कमिटमधून, म्हणजे गिटमध्ये पक्क्या केलेल्या बदलांच्या नोंदीतून गेली, तो कमिट माझाच होता. आणि मनाला जास्त लागलं ते हे, की अशी चूक अडवणारी तपासणी आमच्याकडं होती. कमिटआधी तपासण्यांची यादी चालवणारं प्री-कमिट हे साधन आम्ही दोन वर्षांपूर्वीच बसवलं होतं. गिटमध्ये कमिट पक्का होण्याआधी चालणारी एक जागा असते, तिला हुक म्हणतात. तिथली तपासणी नापास झाली तर कमिट होतच नाही. उरलेले बाण शोधणारी तपासणीही त्या यादीत होती. पण मी ‘नो-व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन ती यादीच ओलांडून गेलो होतो. का? कारण आमच्या जुन्या लॅपटॉपवर प्रत्येक कमिटला अठरा-वीस सेकंद लागायचे, आणि यार्डातून फोनवर फोन येत असताना ते वीस सेकंद मला जास्त वाटले. बाकीच्यांना विचारलं. तिघंही अधूनमधून तेच करत होते.

नियम कडक करावा, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं. मला ते पटलं नाही. वाट अडवून धरणारी तपासणी माणूस घाईत टाळणारच, आणि चुका होतात त्या घाईतच. आधी वेळ कमी करायला हवा होता.

शोधताना प्रेक सापडलं. हे प्री-कमिटचंच काम रस्ट भाषेत नव्यानं लिहून करणारं साधन. एअरफ्लो आणि खुद्द सीपायथॉन (म्हणजे मूळ पायथॉन) या मोठ्या प्रकल्पांनी ते वापरायला घेतलंय हे पाहून धीर आला. एकच फाइल उतरवून घ्यायची, ती चालायला मशीनवर पायथॉन असलंच पाहिजे असं नाही. आणि तपासण्यांची यादी असलेली जुनी यामल फाइल ते जशीच्या तशी वाचतं. म्हणून पहिली चाचणी दहा मिनिटांत झाली. ‘प्रेक रन’ दिलं, त्याच यादीतल्या त्याच तपासण्या चालल्या. मग ‘प्रेक इन्स्टॉल’ला ‘एफ’ पर्याय जोडून जुन्या हुकची जागा त्याला दिली. एका सहकाऱ्याच्या मशीनवर मात्र ते बसेना. त्यानं कधीतरी गिटच्या ‘कोअर डॉट हुक्सपाथ’ सेटिंगमध्ये दुसरंच फोल्डर देऊन ठेवलं होतं. ते काढल्यावर बसलं.

आता वेळेचं. पहिल्यांदा तपासण्यांची साधनं उतरवून घेताना फरक ठळक दिसला. प्रेक ती एकामागे एक न आणता बरोबरीनं आणतं, आणि प्रत्येक साधनासाठी पायथॉनची वेगळी खोली (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट) यूव्ही या वेगवान साधनाच्या मदतीनं उभी करतं. ओळीच्या शेवटची मोकळी जागा, फाइलचा शेवट, यामलची रचना, राहिलेले बाण अशा नेहमीच्या तपासण्या त्यानं स्वतःच्या पोटातच रस्टमध्ये लिहून ठेवल्यात. त्यामुळं प्रत्येक छोट्या तपासणीला पायथॉन उठवत बसावं लागत नाही.

पण एवढ्यानं वीसाचे दोन झाले नाहीत, अकरा झाले. उरलेला वेळ कुठं जातो ते एकेक तपासणी वेगळी चालवून पाहिलं. साधन कितीही वेगवान असलं तरी त्यानं बोलावलेली तपासणी संथ असेल तर वाट पाहावीच लागते. कोडची मांडणी आणि चुका तपासणारी ब्लॅक, आयसॉर्ट आणि फ्लेक-एट ही तीन साधनं काढून त्या जागी एकटं रफ ठेवलं. कोडमधल्या माहितीचे प्रकार (आकडा की मजकूर) तपासणारं मायपाय सगळ्यात जड होतं. ते कमिटवरून काढून पुशच्या, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवण्याच्या वेळी नेलं. कमिट दिवसात तीसदा होतो, पुश चारदा. शिवाय फाइलमध्ये बदल न करता फक्त वाचणाऱ्या तपासण्यांना प्रेकमध्ये सारखाच प्राधान्यक्रमांक दिला की त्या एकाच वेळी चालतात. फाइल बदलणाऱ्या तपासण्या मी त्या गटात घातल्या नाहीत. दोघांनी एकाच फाइलवर हात घालायला नको. शेवटी दीड ते दोन सेकंद लागायला लागले.

सगळ्यात नाजूक काम पुढं होतं. सगळ्या फाइलींवर तपासणी पहिल्यांदा चालवली तेव्हा दोनशेच्या वर फाइली बदलल्या. बऱ्याच ठिकाणी नुसते ओळींचे शेवट होते, कारण आमच्यातला एक विंडोजवर काम करतो. हे कामाच्या दिवशी केलं असतं तर प्रत्येकाच्या अर्धवट शाखेत भांडणं लागली असती. म्हणून शनिवारी सगळ्यांचं काम मुख्य शाखेत आणलं, आणि रविवारी तो एकच मोठा कमिट केला, त्यात दुसरा कुठलाही बदल नाही. त्याचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून गिटच्या ‘ब्लेम डॉट इग्नोअर-रेव्हज-फाइल’ सेटिंगला ती दाखवली. ही सोय गिटच्या 2.23 आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून आहे. नाहीतर पुढं कुठलीही ओळ कुणी लिहिली असं विचारलं की माझंच नाव आलं असतं.

बाणांच्या तपासणीत एक खाच सापडली, आणि ती मी तुम्हाला आवर्जून सांगतो. ही तपासणी मुळात शाखा एकत्र करण्याचं काम चालू असेल तेव्हाच बघते. एरवी सगळ्या फाइलींवर चालवली तरी ती पास म्हणते, बाण आत असले तरी. मी चाचणीसाठी मुद्दाम एका टेम्प्लेटमध्ये बाण घातले आणि ती हिरवी झाली, तेव्हा कळलं. ‘अझ्यूम-इन-मर्ज’ हा पर्याय दिल्यावर तिनं बरोबर ओळ क्रमांकासकट पकडलं.

नव्यानं आलेल्या मुलीला एक गोष्ट दोनदा समजावावी लागली. तपासणीनं फाइल स्वतः दुरुस्त केली तरी कमिट नापास दाखवतो. "दादा, त्यानंच नीट केलं, मग नापास का?" कारण दुरुस्ती अजून कमिटच्या यादीत गेलेली नसते. पुन्हा ‘गिट ॲड’ करायचं, पुन्हा कमिट.

‘नो-व्हेरिफाय’ अजूनही आहेच, गिटमधून ते काढता येत नाही. शिवाय रेपो, म्हणजे कोडचा साठा, दुसऱ्या मशीनवर क्लोन करून (उतरवून) घेतला तरी हुक त्याबरोबर येत नाहीत, प्रत्येकानं आपापल्या मशीनवर बसवावे लागतात. म्हणून हीच यादी आता सर्व्हरवरही प्रत्येक पुशनंतर सगळ्या फाइलींवर चालते, आणि ती हिरवी झाल्याशिवाय काहीही यार्डात जात नाही.

मे महिन्यात त्याच अडत्यांकडं दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. गर्दी होती. त्यांनी एक ताजी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघा एकदा." मी हमालीची ओळ बोट ठेवून वाचली. एकदाच होती.