मोतीचा गुडघा
रावेरजवळच्या आमच्या केळीच्या बागेत रानडुकरामागे धावताना मोतीने एकाएकी वळण घेतले आणि त्याचा मागचा उजवा पाय अधांतरी राहिला. तो कारवान या शिकारी जातीचा कुत्रा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, तरी या कुत्र्यांच्या अंगातली धाव गेलेली नाही. "भाऊ, मुरगळला असेल, हळद लावा," असे सालदार म्हणाला आणि आम्ही दहा दिवस घालवले, याचे मला आजही वाईट वाटते.

बसताना तो पाय दुमडून न घेता बाजूला पसरत असे. पशुवैद्यांनी मांडीचे हाड धरून नडगीचे हाड पुढे ओढले, तेव्हा ते सरकले, म्हणजेच गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा, तुटला होता. पुण्यात शस्त्रक्रिया झाली: नडगीचे हाड वरच्या टोकाशी गोलाकार कापून, त्याचा उतार कमी करून ते धातूच्या पट्टीने बसवले, जेणेकरून तुटलेल्या बंधाशिवायही गुडघा स्थिर राहावा.

खरी परीक्षा नंतरची होती, कारण हाड सांधायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात आणि कुत्र्याला मात्र त्याआधीच बरे वाटू लागते. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरले, खाटेवरची उडी बंद केली, पाच मिनिटांचे चालणेही साखळीनेच केले आणि वजन वाढू नये म्हणून भाकरी मोजून दिली, कारण अनेक कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढे असाच जातो.

बाराव्या आठवड्यात पाटाकाठच्या ओल्या मातीत मागच्या दोन्ही पंजांचे ठसे सारखेच खोल उमटलेले मी वाकून पाहिले.