टेचिमानच्या बाजारातल्या राण्या

कुमासीहून तमालेच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की टेचिमान लागतं. 2019 साली घानात बोनो ईस्ट हा नवा प्रांत झाला, त्याची ही राजधानी. पण इथल्या माणसाला त्याचं फारसं कौतुक नाही. त्याचा तोरा बाजाराचा! बुधवारी ट्रक यायला लागतात ते शुक्रवारपर्यंत रस्ता मोकळा होत नाही. टोमॅटो बुर्किना फासोचा, कांदा नायजरचा, आणि याम मात्र याच भागातला. आपल्या कोनफळाचाच भाऊबंद, पण आतून पांढरा आणि मांडीएवढा जाड.

या सगळ्यावर हुकूम चालतो तो बायकांचा. प्रत्येक मालाची एक राणी असते, 'ओहेमा'. टोमॅटोची वेगळी, यामची वेगळी. घराण्याचा इथे संबंध नाही, त्या त्या मालाच्या व्यापारी बायकाच आपल्यातली जुनी, वजनदार बाई पुढे करतात. उधारीवरून भांडण झालं की ते पोलिसात जाण्याआधी तिच्याकडे जातं. कुणाकडे मयत झाली तर वर्गणी काढून सगळ्यांना घेऊन जाणारीही तीच. शेतकरी म्हणतात, या बायका भाव पाडतात. शहरातली गिऱ्हाइकं म्हणतात, चढवतात. दोन्ही खरं असेल. आपल्याकडे अडत्यांबद्दल वेगळं काय ऐकतो आपण?

मला त्याहून नवल वाटलं ते 'सुसू'चं. रोज एक माणूस वही घेऊन गाळ्यागाळ्याशी येतो. कार्डावर 31 चौकोन. बाई ठरलेली रक्कम देते, तो एका चौकोनात खूण करतो. महिनाअखेरीस सगळे पैसे परत, फक्त एका दिवसाची रक्कम त्याची. म्हणजे व्याज मिळायचं सोडाच, वर आपणच पैसे मोजायचे! आपल्या भिशीसारखा नंबर लागायची भानगडही नाही, ज्याचे पैसे त्याला. एका टोमॅटोवालीला विचारलं, हे परवडतं का? म्हणाली, गल्ल्यात ठेवले तर संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी मागायला येतंच. माणूस पैसे घेऊन पळाला तर, हे मात्र विचारवलं नाही. तसंही घडतं म्हणे.

मका, शेंगदाणे घ्यायचे तर पत्र्याच्या डब्याने, शिगोशीग. घासाघीस जरूर करा, पण आधी रामराम. आणि पैसे उजव्या हाताने. डावा हात पुढे केलात, तर बोलणी खाल.