धुकं काढायची पट्टी

कोकणकड्याच्या काठाशी पोटावर झोपून मी एकदा पावणेदोन तास नुसता पांढरा रंग बघितला आहे. सप्टेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसात, अंगात पोंचो, कोपरांखाली ओलं गवत. समोर कडा आहे, त्याखाली कोकण आहे, हे सगळं ऐकीव. डोळ्यांना दिसत होती ती वाळत घातलेली चादर, आणि चादरीला निदान सुरकुत्या तरी असतात. कडा खरंच तिथे आहे याचा पुरावा एवढाच, की वारा खालून वर येत होता. शेजारी झोपलेल्या मुलाने गवताची काडी खाली टाकली, ती फिरून त्याच्याच टोपीवर येऊन बसली.

पुण्याहून आदल्या रात्री अकराला निघालो होतो, पाच जण, एका गाडीत. ट्रेकवाल्यांना गडावर पोचायचं असतं. आम्हा लँडस्केपवाल्यांना उजेडाच्या आधी पोचायचं असतं, आणि ते बहुतेक वेळा जमत नाही. आळेफाट्याला चहा, ब्राह्मणवाड्याच्या पुढे भर रस्त्यात बसलेल्या म्हशी, कोतूळ मागे टाकून पाचनईत पहाटेचे साडेतीन. गाडीतच माना वाकड्या करून तासभर झोप. मग बॅटरीच्या उजेडात हरिश्चंद्रगडाची चढण. पाठीवर ट्रायपॉड, दोन लेन्स, फिल्टर, सिलिका जेलच्या पुड्या, आणि या सगळ्यांच्या तळाशी दबून पापड झालेल्या दशम्या.

पापडावरून आठवलं. आमच्या घरातला सगळ्यात चांगला हवाबंद डबा पापडांचा होता. एका पावसाळ्यानंतर माझ्या लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी उगवली, तेव्हापासून त्या डब्यात लेन्स राहतात. पापड प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून राहतात आणि जुलैत मऊ पडतात. तळल्यावर ते फुलले नाहीत की घरात सगळे माझ्याकडे बघतात.

वर झोपडीत चहा करणाऱ्या मावशींना मी विचारलं होतं, उघडेल का आज? "उघडंल की. घाई नाय करायची." कधी, असं विचारल्यावर त्यांनी चुलीत फुंकर घातली. आमच्या लोकांची भाषाही तीच आहे. धुकं 'हटलं' असं कुणी म्हणत नाही, कडा 'उघडला' म्हणतात. देवळाचं दार उघडावं तसा.

धुक्यात कॅमेरा बिचारा वेडापिसा होतो. ऑटोफोकसला पकडायला एखादी कड लागते. ती सापडत नाही, मग लेन्स पुढे-मागे घरघरत बसते. आणि लाइट मीटरला पांढरं हा रंगच मंजूर नाही. जग सरासरीने मध्यम करडं असतं अशी त्याची पक्की समजूत करून दिलेली आहे. त्याला धुकं दाखवलं की तो त्याचा सिमेंटचा पत्रा करून देतो. मग एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवून, म्हणजे उजेड दुप्पट आत घेऊन, त्याची समजूत काढायची, की बाबा रे, हे खरंच पांढरं आहे.

सव्वानऊच्या सुमाराला फिल्टरवर थेंब जमले म्हणून मी तो काढून पुसायला घेतला. पुसायला मी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा वापरते. दुकानातलं ते निळं मायक्रोफायबर एकदा भिजलं की पाणी पुसण्याऐवजी पसरवतं. साडी शेवटपर्यंत पाणी पिते. तर मी काच गोल गोल पुसतेय आणि कुणीतरी ओरडलं, "उघडलं!" मान वर केली. आतल्या बाजूला वाटीसारखी वळलेली ती काळी भिंत डावीकडून उजवीकडे एका दमात उलगडत गेली, कड्याच्या ओठावरून पाण्याच्या दोनचार बारीक धारा लोंबत होत्या, वारा त्या मध्येच तोडत होता, आणि खूप खाली, इतकं खाली की पोटात खड्डा पडावा, उन्हाचा एक हिरवा तुकडा. माझ्या एका हातात फिल्टर, एका हातात साडी. दहा सेकंद असतील. मग दार लागलं ते लागलंच.

पाचांपैकी चौघांना काही मिळालं नाही. एकाची बॅटरी संपली होती, एक जण लोटा परेडला गेला होता, एकाच्या ट्रायपॉडचा पाय सरकला, आणि मी साडीवाली. पाचव्याला एक फोटो मिळाला. तो हललेला आहे, पण त्याच्यापुढे बोलायची आमची टाप नाही.

घरी आले तेव्हा कार्डात २१४ फोटो होते. दोनशे चौदाही पांढरे.

आता या सहलींचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, जो रात्री जेवणाची भांडी आवरल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर घडतो. फोटो रॉमध्ये काढलेले असतात. रॉ फाइल म्हणजे भिजवलेली कणीक. जेपेग ही कॅमेऱ्याने आपल्या अकलेने लाटून भाजून दिलेली पोळी. तिची पुरी करता येत नाही. माझा कॅमेरा रॉमध्ये १४ बिटांत नोंद ठेवतो, म्हणजे अंधारापासून उजेडापर्यंत १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये दर रंगाच्या वाट्याला २५६. सावलीत काळंमिट्ट वाटणाऱ्या दगडावर रॉमध्ये अजून शेवाळ शिल्लक असतं, ते बाहेर काढता येतं. कणकेत जीव असतो तो असा.

सॉफ्टवेअर मी डार्कटेबल वापरते. ते फुकट आहे, आणि दर महिन्याला भाडं भरून स्वतःचेच फोटो बघायला माझ्यातला मराठी माणूस तयार होत नाही. त्याचा स्वभाव मात्र फुकटातल्या पाहुण्यासारखा आहे, काही हवं असेल तर आपणच शोधायचं. पहिले सहा महिने मी स्क्रीनवरच्या एखाद्या सरकत्या पट्टीला हात लावला की फोटो निळा व्हायचा आणि का झाला ते कळायचं नाही. आता बऱ्यापैकी जमतं. एक्स्पोजर, सावल्या, कॉन्ट्रास्ट, रंग, आणि मग ती पट्टी.

ती पट्टी म्हणजे धुकं काढायची. लाइटरूम या भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५ साली डीहेझ नावाने आली आणि आमच्या जमातीत एकदम लाडकी झाली. डार्कटेबलमध्ये ती हेझ रिमूव्हल म्हणून आहे. उजवीकडे सरकवली की धुकं विरळ होतं आणि मागून डोंगर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टेबलावरून उठून घरातल्यांना हाका मारल्या होत्या.

डार्कटेबलमधल्या पट्टीमागची युक्ती कायमिंग ही नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. स्वच्छ हवेत काढलेल्या फोटोचा एक चिमूटभर तुकडा घ्यायचा, आकाश सोडून कुठलाही. त्यात कुठे सावली असते, कुठे पानाचा गर्द हिरवा, कुठे ओला दगड. म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिघांपैकी एकाचा तरी आकडा कुठेतरी शून्याला टेकलेला असतो. धुकं आलं की तो टेकत नाही, वर उचलला जातो. धुकं जितकं दाट तितका जास्त. तेव्हा काळं किती पांढरं झालंय ते मोजलं, की मध्ये किती धुकं आहे त्याचा हिशोब लागतो. तेवढं वजा केलं की झालं. डेअरीवर दुधात लॅक्टोमीटर सोडून पाणी ओळखतात, त्याच्याच नात्यातली गोष्ट. फक्त इथे पाणी बाहेरही काढता येतं.

आणि इथेच माझी पंचाईत होते. वर्षातले तीन महिने आम्ही ज्याच्यासाठी जागरणं करून घाट चढतो ते धुकंच. ऑक्टोबरमध्ये कोकणकडा स्वच्छ दिसतो, तेव्हा आमच्यातलं कुणी ढुंकून बघत नाही. उजेड सपाट आहे, मूड नाही म्हणतात. मग पावसाळ्यात जायचं, चिंब भिजायचं, धुकं कार्डात भरून आणायचं आणि घरी येऊन ते पट्टीने उपसून टाकायचं. भाजीत आधी पाणी ओतून मग ते आटवत बसण्यातला हा प्रकार आहे. तरी मी करतेच. पट्टी समोर असली की बोट जातंच.

ही पट्टी डावीकडेही सरकते, हा तिचा दुसरा गुण. डावीकडे नेली की धुकं येतं. आमच्यातल्या एकाने, नाव कशाला घ्या, मार्चमध्ये काढलेल्या पुरंदरच्या फोटोत असं धुकं भरलं. वाळलेल्या गवताचा पिवळा रंग रंगांच्या पट्टीवर हिरव्याकडे ढकलला आणि खाली लिहिलं, 'जुलैतली एक चिंब सकाळ'. दोनशेच्या वर लाइक्स. पिवळा हिरवा झाला होता खरा, पण केशरीला त्याने हात लावलेला नव्हता. त्याच्या मावशी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी खाली एवढंच लिहिलं, "छान. पण जुलैत पळस फुलला कसा रे?" डावीकडच्या कोपऱ्यात, धुक्यातून, पळसाचं एक झाड निखाऱ्यासारखं पेटलेलं होतं.

यावर तो मित्र ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचं नाव काढतो. नेहमीच काढतो. ॲडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्याच एका निगेटिव्हच्या प्रिंट तो पुढे कित्येक वर्षं डार्करूममध्ये काढत राहिला, आणि जसजशी वर्षं गेली तसतसं त्यातलं आकाश काळं होत गेलं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ढगांचे पट्टे दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये जवळजवळ सगळा काळोख. मग आम्ही पळसाखाली धुकं घातलं तर बिघडलं कुठे, असा त्याचा युक्तिवाद. ॲडम्सपर्यंत जायची गरज नाही, असं माझं म्हणणं. आपल्याकडे गल्लीतल्या स्टुडिओत टचिंग करणारे होतेच की. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने मुलीच्या चेहऱ्यावरचे डाग भरायचे आणि तो फोटो स्थळाकडे पाठवायचा. कुणी त्याला खोटं म्हटलं नाही. मुलाकडच्यांनी मागाहून काय म्हटलं असेल ते वेगळं. पण ॲडम्सने चंद्र दुसऱ्या दिवशीचा आणून बसवला नव्हता, आणि पेन्सिलवाल्याने नाक बदललं नव्हतं. माझी रेघ साधारण तिथे आहे. ती जरा लवचिक आहे, हेही कबूल.

कोकणकड्याच्या बाबतीत मात्र धुकं वजा केलं की एक गोष्ट मुळातून जाते. इंद्रवज्र. १८३५ साली कर्नल साइक्सने इथून ते पाहिल्याची नोंद सांगतात, आणि तेव्हापासून इथे येणारा प्रत्येक जण मनातून त्याचीच वाट बघत असतो. कड्याचं तोंड पश्चिमेला, तेव्हा सकाळी ऊन पाठीमागून यावं लागतं आणि समोर दरीत धुकं असावं लागतं. आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि डोक्याभोवती रंगांचं गोल कडं उमटतं. गंमत म्हणजे शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांनाही ते कडं आपापल्याच डोक्याभोवती दिसतं. मी दिसलं म्हणाले तर ते माझं, तो दिसलं म्हणाला तर ते त्याचं. मला अजून दिसलेलं नाही. धुकं नेहमी असतं, ऊन नेमकं नसतं.

तर त्या २१४ फोटोंपैकी २१३ मी उडवले. राहिलेल्यात काठाशी बसलेल्या मित्राची पाठ आहे, लाल पोंचो, आणि पुढे सगळं पांढरं. म्हटलं, निदान कड्याची रेघ तरी येते का बघू. पट्टी उजवीकडे नेली. तीस टक्के, काही नाही. साठ, पांढऱ्याचं करडं झालं, त्यात दाणे दिसायला लागले. ऐंशीला आकाशात काळे ठिपके उगवले, एक-एक करत, मुंग्यांसारखे. क्षणभर वाटलं पक्षी आहेत. कड्यावर पाकोळ्या असतात. फोटो शंभर टक्के मोठा केला. पक्षी नव्हते. माझ्या सेन्सरवरची धूळ होती. धुकं काढत काढत मी कोकणकड्याऐवजी माझ्याच कॅमेऱ्याच्या पोटात जाऊन पोचले होते. सतरा ठिपके मोजले. पट्टी पुन्हा शून्यावर आणली, ठिपके गेले, पांढरं परत आलं.

आई तेव्हा गणपतीसाठी आमच्याकडे आलेली होती. कोपऱ्यात खुर्चीवर बसून वाती वळत होती. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हे काय?"

"कोकणकडा."

तिने चष्मा वर करून पुन्हा बघितलं. मला वाटलं आता म्हणेल, यात काय दिसतंय. धुकं म्हटलं की तिला आंब्याचा गळालेला मोहोर आठवतो, राजापूरची आहे ती, धुक्याचं कौतुक तिच्याकडून अपेक्षित नव्हतंच.

"आम्ही गेलो होतो तेव्हाही अस्संच होतं," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या वर्षी. खिरेश्वरकडून चढलो होतो. तुझ्या बाबांचा तो क्लिक थ्री होता ना, एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातले सात इथेच संपवले, मी ओरडत होते तरी."

"मग? कसे आले?"

"कसले येतात. स्टुडिओवाल्याने रोल धुवायचे पैसे घेतले. छापायचे घेतले नाहीत. म्हणाला, वहिनी, यात काहीच नाहीये." तिने वात तुपाच्या वाटीत सोडली. "बाबा म्हणाले, छापा. पाचच छापले त्याने. दोन तर त्याच्यानेही छापवले नाहीत."