खर्ड्याच्या आधीची पत्रे

मोडी वाचनाची माझ्याकडे येणारी कामे बहुतेक जमिनीची. इनामाची सनद, वाटणीपत्र, खरेदीखत, वतनाचा एखादा जुना वाद. पक्षकाराला एकच ओळ हवी असते, जिच्यात गावाचे नाव, बिघे आणि शिक्का असेल. लिप्यंतर करायचे, पानापानावर सही करायची आणि वेळ आली तर शिवाजीनगर कोर्टात उभे राहून सांगायचे, की हे मी वाचले आहे. त्या दिवशीही शनिवार पेठेतल्या एका वाड्यात मी याच कामाला गेले होते.

वाडा पुनर्विकासाला निघाला होता. वरच्या खोल्या रिकाम्या झालेल्या, माजघरात खोकी रचलेली. घरात ऐंशी पार केलेल्या आजी आणि त्यांचा पुतण्या. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ फारच व्यवस्थित, रुमालांवर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर, त्यांनी आधीच क्रमांक टाकून ठेवले होते. घराण्याच्या आमराईची सनद सापडली तर हवी होती. भिंतीवरून उतरवलेली एक तलवार वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. "आमचे मूळपुरुष खर्ड्याच्या लढाईत होते," त्यांनी मला दारातच सांगितले. "ही त्यांचीच."

सनद नव्हती. दुपारपर्यंत मी सगळे रुमाल चाळले. किराण्याच्या याद्या, पत्रिका, कर्जरोखे, देवस्थानच्या पावत्या, बरेचसे कसर लागून चाळण झालेले. मग एका रुमालात आत आणखी एक फडके निघाले आणि त्यात पत्रांची बारीक जुडी. कागद जाड, बहुधा जुन्नरी. शाईवर टाकलेली वाळू अजून कुठे कुठे चिकटून होती, पान तिरपे केले की चमकायची. अक्षर सराईत कारकुनाचे: आधी पानभर आडवी रेघ, मग तिच्याखाली न थांबता धावणारे मोडी. वर 'श्री'. त्या 'श्री'ची वेलांटी हा माणूस खाली ओढून उलटी फिरवतो, आणि आकड्यातला पाच डावीकडे पोट काढून लिहितो. हात ओळखायचा तर मी नेहमी अशाच खुणा धरते.

पहिल्याच पत्राखाली काळ होता: छ ७ जमादिलाखर, खमस तिसैन मया व अलफ. अरबी शब्दांत लिहिलेला हा आकडा म्हणजे जुन्या दप्तरांतल्या सुहूर कालगणनेचे सन ११९५. त्यात ५९९ मिळवले की १७९४ साल येते, आणि तो चांद्र महिना त्या वर्षाच्या अगदी अखेरीला पडतो. मुक्काम बेदर. मी खुर्चीत सरळ बसले. १७९४ च्या अखेरीस बेदरला, म्हणजे आजच्या बीदरला, हैदराबादचा निजाम अली फौज घेऊन बसला होता. पुण्याची चौथाईची थकबाकी द्यायची नाही, असे त्याच्या दरबाराने ठरवले होते. आणि हे पत्र लिहिणारा पुण्याचा माणूस त्या शत्रूच्या गोटात काय करत होता?

दोन पाने वाचल्यावर उलगडा झाला. तो पेशव्यांच्या वकिलाच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या दूताच्या, बिऱ्हाडावरचा कारकून होता. पत्रे पुण्यातल्या थोरल्या भावाला लिहिलेली. "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहित जाणे" हा ठरलेला मजकूर संपला की तो थेट पैशावर येतो. तनखा तुंबला आहे, बेदरच्या सावकाराकडून उचल केली आहे, वैरण महाग आहे. दिवसभर नकला कराव्या लागतात. एकच मजकूर दोनदा लिहून दोन जासूद जोड्यांबरोबर वेगवेगळ्या वाटांनी धाडायचा, एक जोडी वाटेत अडली तरी दुसरी पोचावी म्हणून. फ्रेंच रेमंडच्या हाताखालच्या पलटणी किती, तोफा किती, याची बातमी धनी, म्हणजे वकील, रोज मागतात. दरबारातून बोलावणे येते, धनी पोशाख करून जातात, देवडीवर बसून राहतात आणि दिवस मावळताना माघारी येतात. त्यातच मध्ये आईच्या डोळ्यांची चौकशी, पुतणीच्या लग्नाची चौकशी.

मी वाचत होते आणि आजी पाटावर बसून ऐकत होत्या. त्यांना मजकूर मराठीतच, पण सावकाश हवा होता. लग्नाची ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली.

पुतण्याचा चेहरा मात्र उतरत गेला. "म्हणजे ते लढले नाहीत का, मॅडम?"

या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर देऊन मी मोकळी होऊ शकले असते. पण तसे करणे मला त्या माणसावर अन्याय वाटला. म्हणून मी पत्रे बाजूला ठेवली आणि जे ठाऊक होते ते सांगितले.

निजामाच्या दरबारात तेव्हा पुण्याचे वकील होते गोविंदराव काळे. चौथाईच्या हिशेबाचा वाद पेटला, तेव्हा निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क भर दरबारात म्हणाला, की खुलासा करायला नाना फडणविसांनी जातीने यावे. वकिलांनी सांगितले, नाना कामात आहेत, ते कसे येतील? त्यावर दिवाणाने उत्तर दिले, की त्यांना कसे आणायचे ते मी दाखवतो. हे भरल्या दरबारात ऐकून घ्यायचे, हात तलवारीकडे जाऊ द्यायचा नाही, बिऱ्हाडी यायचे आणि शब्द न शब्द नानांना लिहायचा. तिखटमीठ लावले तर पुण्यात नको तो निर्णय होईल, पातळ केले तर धन्याची फसगत होईल. आणि लिहिणारे तुमच्या मूळपुरुषासारखेच हात. युद्ध होईपर्यंत ही माणसे शत्रूच्या छावणीत राहतात. त्यांच्याभोवती खंदक नसतो. आपण दूत आहोत आणि दूताला कोणी हात लावत नाही, या रिवाजावर सगळी भिस्त. मला तर हे समोरासमोरच्या लढाईपेक्षा जड वाटते.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याला गाठ पडली. निजाम मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी कोंडला, आणि तह झाला: ३ कोटी रुपये, दौलताबादसह मुलूख, आणि शिवाय मुशीरुल्मुल्क स्वतः पुण्याच्या हवाली. नानांना ओढून आणण्याची भाषा करणारा दिवाण ओलीस म्हणून पुण्यात आला. पुतण्यांना इथवरची गोष्ट माहीत होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज पुन्हा चढला.

पुढचे त्यांना ठाऊक नव्हते. फार थोड्यांना असते, याचे मला नेहमी वाईट वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. गादीवर कोण बसणार यावरून पुण्यात फाटाफूट झाली, नाना महाडला निघून गेले, शिंदे, परशुरामभाऊ, बाजीराव, चिमाजी अशा सोंगट्या इकडून तिकडे सरकू लागल्या. या गोंधळात कैदेतला मुशीर शांत बसला नाही. आपल्याजवळ फौज नाही, पण निजामाचा पाठिंबा आपल्या शब्दावर मिळू शकतो, हे त्याने ओळखले. नानांना तो पाठिंबा हवाच होता. १७९६ च्या ऑक्टोबरात महाडला करार झाला. निजामाने नानांच्या बाजूने उभे राहायचे, आणि मोबदल्यात खर्ड्याला मिळालेला मुलूख परत, उरलेली रक्कम माफ. मुशीर सुटला आणि मानाने हैदराबादला परतला. १७९८ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार घडवून आणणारा दिवाण तो हाच.

रणावर एका दिवसात मिळालेले एका कैद्याने दीड वर्षात बोलून परत नेले. मी मराठ्यांच्या बाजूची आहे, हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण मुशीराची करामत मान्य करावीच लागते. आणि पुण्यात संगमावरच्या रेसिडेन्सीत बसून हे सगळे पाहणारा आणि कलकत्त्याला लिहून कळवणारा इंग्रज कंपनीचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट होता, १७८६ पासून इथे मुरलेला. त्याच्या लिखाणातून कंपनीला आपल्या दरबारातला एकेक दुवा समजत गेला. आपल्या बाजूनेही तोलाची माणसे होती, काळे होते, दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या वकिली करणारे हिंगणे होते. पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला लंडनला गेलेले रंगो बापूजी १८५३ पर्यंत तिथेच झगडत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, तरी यांनी काम सोडले नाही. या माणसांचे पुतळे मोजायला बसलो तर एका हाताची बोटे उरतील.

पुतणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, की पुस्तकातल्या या मोठ्या नावांमध्ये आमच्या माणसाचा काय संबंध? मी त्यांना जुडीतले एक पान दाखवले. नकल करताना त्याने एक ओळ खोडून तीच ओळ जराशी बदलून पुन्हा लिहिली होती, आणि समासात बारीक अक्षरात नोंद होती, की धन्यांनी शब्द बदलण्यास सांगितले. नकलेचे बाद झालेले पान त्याने घरचे पत्र लिहायला पाठकोरे वापरले होते. कागदाची टंचाई, दुसरे काय. पण त्यामुळे दरबारी पत्राचा एक तुकडा या वाड्यात सव्वादोनशे वर्षे राहिला. त्यांनी चष्मा काढून ते पान डोळ्यांजवळ धरले.

शेवटचे पत्र साबान महिन्यातले, म्हणजे लढाईच्या अगदी तोंडावरचे. कूच होणार, पुढचा मुक्काम ठाऊक नाही, एवढेच. त्यानंतर जुडीत काही नाही.

"मग आला का तो परत?" आजींनी विचारले.

मला माहीत नव्हते. वंशावळीत नाव होते, सनावळी नव्हती. छावणीतून निघालेला कारकून घरी पोचलाच असेल असे मी कशाच्या जोरावर सांगणार? मी सकाळी बाजूला सारलेल्या याद्या पुन्हा काढल्या. किराणा, तेल, न्हाव्याचे देणे, सनांची गल्लत झालेले सुटे बंद. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली तेव्हा एक बंद हाताला लागला. वर 'श्री', वेलांटी खाली ओढून उलटी फिरवलेली. खाली खर्चाचे आकडे, आणि पाचाचे पोट डावीकडे. सन सबा तिसैन. १७९६-९७. मुशीर सुटला त्याच्या आगेमागे हा माणूस या घरात बसून घरखर्च लिहीत होता.

मी दोन्ही पाने शेजारी ठेवून दोघांना खुणा दाखवल्या. पुतण्यांनी लगेच मोबाइलवर फोटो काढले. आजींनी विचारले, "तनखा मिळाला का त्याला?"

त्या बंदावर जमेच्या बाजूला सरकारातून आलेली रक्कम नव्हती. खर्चाच्या बाजूला बेदरच्या सावकाराचे व्याज होते. तेही मी वाचून दाखवले. आजी म्हणाल्या, "बघ, आमच्याकडचे पहिल्यापासून असेच," आणि चहा टाकायला उठल्या.

सनदीचे काम अर्थातच झाले नाही. अ‍ॅडव्होकेटला मी तसे लेखी कळवले. पत्रांची जुडी कुटुंबाकडेच आहे. स्कॅन करून एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळात द्यावी असे मी सुचवले आहे, आणि पुतण्यांनी आधी सगळे लिप्यंतर मागितले आहे, तलवारीच्या म्यानावर कोरलेल्या अक्षरांसकट.