रदुचोयूचं बिऱ्हाड

रविवार, रात्रीचे पावणेबारा

दुपारी कपाट आवरताना जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा हाती लागला. ११ जुलै १९९४च्या पानावर एवढंच खरडलेलं: 'रोमानिया हरली. डोकं ठणकतंय. बँकेत दांडी.' सामना अमेरिकेत भर दुपारी, म्हणजे आपल्याकडे रात्री एकला. जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर तोच लावून बसलो. बायको म्हणाली, "निकाल ठाऊक असलेली मॅच कसली बघता?" काय सांगणार!

फुटबॉल विश्वचषकाची उपउपांत्य फेरी, समोर स्वीडन. त्या रोमानियाचं नाव निघालं की सगळे कर्णधार हाजीबद्दल बोलतात (आम्ही तेव्हा 'हॅगी' म्हणायचो), आणि ते बरोबरच आहे. माझा जीव मात्र फ्लोरिन रदुचोयूवर. चोवीस वर्षांचा पोरगा. कोलंबियाला ३-१ असं लोळवलं त्यात त्याचे दोन गोल. अर्जेंटिनाला घरी पाठवलं त्या सामन्यात मात्र हा निलंबित! दुमित्रेस्कूला पुढे खेळवलं आणि त्याने दोन गोल ठोकले. आपण रजेवर असताना शाखेला बक्षीस मिळावं, तसली गत.

स्वीडनविरुद्ध ८८व्या मिनिटापर्यंत ०-१. हाजीची फ्री किक कुणाच्या तरी पायाला लागून वळली आणि नेमकी याच्या पुढ्यात पडली. नशीब म्हणा, पण तिथे उभं राहायला अक्कल लागते. जादा वेळेत, १०१व्या मिनिटाला स्वीडनच्या बचावपटूला चेंडू धड काढता आला नाही. याने उसंत न देता जाळ्यात घातला. २-१. लगेच स्वीडनच्या श्वार्झला लाल कार्ड, म्हणजे समोर दहाच जण. इथे मी १९९४ साली खुर्चीवरून उठलो होतो. ११५व्या मिनिटाला केनेट अँडरसनने उंच उडी घेऊन डोक्याने बरोबरी केली आणि मी परत बसलो.

रदुचोयू हा युरोपातल्या पाचही मोठ्या लीगमध्ये गोल करणारा पहिला खेळाडू: इटली, स्पेन, इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स. पुढे बऱ्याच वर्षांनी योवेतिचने तेच केलं. लोक याला विक्रम म्हणतात. मला ती बदल्यांची यादी वाटते. १९८९च्या डिसेंबरात रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू गेला, देशाची दारं उघडली आणि पुढच्याच उन्हाळ्यात हा बुखारेस्टचं दिनामो सोडून इटलीत बारीला आला. मग वेरोना, मग ब्रेशिया. ब्रेशियात रोमानियाचाच लुचेस्कू प्रशिक्षक, हाजी सोबतीला, म्हणजे जवळपास घरच. तिथे एका हंगामात १३ गोल केले, तरी संघ खालच्या विभागात घसरला. पुढचं वर्ष मिलानला. त्या वेळी सामन्यात तीनच परदेशी खेळवता येत, आणि रांगेत पापां, साविचेविच, बोबान, देसाई! मिलानने लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकल्या. अथेन्सच्या अंतिम सामन्यात हा मैदानावर नव्हता. मग स्पेनमध्ये एस्पान्योल. मग इंग्लंडमध्ये वेस्ट हॅम, तेही जेमतेम अर्धा हंगाम. तरी त्या अर्ध्या हंगामात मँचेस्टर युनायटेड २-० पुढे असताना त्यांचा गोलरक्षक श्मायकेलला चकवून परतफेड सुरू केली ती यानेच. सामना २-२ सुटला. पुढे जर्मनीत श्टुटगार्ट, फ्रान्सच्या लीगमधलं मोनाको वगैरे.

माझ्या नोकरीत सहा बदल्या झाल्या. तिसरीच्या वेळी टेम्पोतून उतरवताना याच कपाटाचं दार वाकलं. अजून कागदाची घडी घातल्याशिवाय लागत नाही. दर नव्या शाखेत पहिले सहा महिने आपण काही येरागबाळे नाही हे पटवून देण्यातच जातात. पटतंय तोवर पुढची ऑर्डर. देशासाठी ४० सामन्यांत २१ गोल करणाऱ्या माणसालाही ते पटवत फिरावं लागलं असेल का?

शेवटी पेनल्ट्या. पेत्रेस्कू आणि बेलोदेदिच यांच्या स्वीडनचा गोलरक्षक राव्हेलीने अडवल्या, ते पक्कं लक्षात होतं. बेलोदेदिचचं तर फारच लागलं होतं. १९९१च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बेलग्रेडच्या रेड स्टारकडून त्याने पेनल्टीवर गोल मारला होता. पण रोमानियाकडून पहिला पुढे आला तो रदुचोयू आणि त्याने गोल केला, हे मी साफ विसरलो होतो. डायरीतही नव्हतं.

आत्ता त्याच पानावर 'बँकेत दांडी'च्या खाली लिहून ठेवलं. शाईचा रंग वेगळा दिसतोय, दिसू दे.