पुट्टी, फट आणि कोकणातला पावसाळा

विमानाच्या १:७२ च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या, प्लॅस्टिक मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरची, जवळपास दीड इंच. ती बुजवायला हवीच. पण हात आधी पुट्टीच्या ट्यूबकडे गेला की काम वाढलंच म्हणून समजा. लाकडी होडी बांधणारा सुतारसुद्धा आधी फळीला फळी घट्ट बसवतो आणि मग उरलेल्या चिरेत सूत ठासतो. इथेही क्रम तोच.

सी हॉक घ्या. जुन्या ‘विक्रांत’वरचं हे जेट. हवा आत घेणारी तोंडं पंखाच्या मुळाशीच आहेत, त्यामुळे किटमध्ये हा सांधा हमखास वाकडा येतो. गोंद लावण्याआधी सगळे भाग मास्किंग टेपने बांधून बघा. पंख आणि धड यांच्यात दोन्ही बाजूंना सारखी फट दिसत असेल तर बहुतेक वेळा धडच अरुंद झालेलं असतं. स्प्रूचा, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा, एक तुकडा कापून धडाच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये आतून आडवा लावा, धड रुंदावतं. फट फक्त वरच्या बाजूला असेल तर त्या फटीत पातळ गोंद (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा) सोडा, मग एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरून टेप ताणून लावा आणि रात्रभर ठेवा. पंख किंचित वर उचलले जातात आणि फट मिटते. टेप जास्त ताणली तर विमान पंख फडफडवायच्या बेतात असल्यासारखं दिसतं, तेव्हा समोरून डोळा लावून एकदा तपासा.

आणि प्रत्येक रेघ ही फट नसते. सी हॉकचे पंख जहाजावर घडी करून ठेवायचे, ती घडीची रेघ राहायलाच हवी. शंका आली तर गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात खरं विमान उभं आहे, जाऊन बघता येतं.

एवढं करूनही उरलेली फट अर्ध्या मिलिमीटरहून मोठी असेल तर त्यात पुट्टी नको, प्लॅस्टिक घाला. फटीत बसेल एवढ्या जाडीच्या प्लॅस्टिक शीटची पट्टी फटीत सरकवायची, पातळ गोंद सोडायचा, दुसऱ्या दिवशी वर आलेलं ब्लेडने कापायचं. जागा वेडीवाकडी असेल तर स्प्रूचा रस वापरा: संपत आलेल्या गोंदाच्या बाटलीत त्याच किटच्या स्प्रूचे बारीक तुकडे टाकून दिवसभर ठेवले की मधासारखं दाट मिश्रण होतं. सुकल्यावर ते मूळ प्लॅस्टिकच असतं, त्यामुळे पॅनल लाइन (विमानाच्या पत्र्यांच्या जोडाची रेघ) पुन्हा कोरताना सुई अडखळत नाही. मात्र कडक व्हायला दोन-तीन दिवस द्या. घाई केली तर घासलेली जागा नंतर खाली बसते.

तामिया या मॉडेल कंपनीच्या करड्या पुट्टीसारख्या सॉल्व्हंटच्या पुट्टीची अडचणही हीच. सॉल्व्हंट उडून जातो तशी ती आकसते. एक जाड थर दिला तर वरची साय सुकते, आतलं ओलं राहतं आणि खालचं प्लॅस्टिक मऊ पडतं. पंखाच्या पातळ मागच्या कडेला तर ती कड लाटेसारखी वाकते. पातळ थर द्या, दोन थरांत एक दिवस जाऊ द्या. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी स्वस्त असते आणि चालते, पण तिलाही हाच नियम. भिंतीची पुट्टी सिमेंटची असते, प्लॅस्टिक धरत नाही. तिच्या नादी लागू नका.

पंखाच्या मुळाशी घासायला जागा नसते आणि शेजारचे रिव्हेट पुसले जातात. तिथे पाण्यावरची अ‍ॅक्रिलिक पुट्टी सगळ्यात बरी. टूथपिकने फटीत दाबा, एखादं मिनिट थांबा, मग कापसाची काडी पाण्यात भिजवून निथळून घ्या आणि सांध्यावरून एकाच दिशेने फिरवा. वरची पुसली जाते, फटीतली राहते. काडी फार ओली असेल तर फटीतलीही निघून येते. पॉलिश पेपर लागतच नाही.

सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून भरलेली फट आकसत नाही, पण ती अर्ध्या-पाऊण तासात घासून टाका. दुसऱ्या दिवशी ती प्लॅस्टिकपेक्षा कडक झालेली असते, मग आजूबाजूचं प्लॅस्टिक झिजतं आणि मध्ये उंचवटा राहतो.

आता आपल्याकडची हवा. जून ते सप्टेंबर सुपरग्लू जास्तच चपळ होतो, कारण तो हवेतल्या दमटपणानेच धरतो. पॅलेटवरच्या थेंबावर साय येते, आणि कॅनॉपीजवळ, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाजवळ, वापरला तर काचेवर पांढरी वाफ बसते. बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. अ‍ॅक्रिलिक पुट्टीचं उलट, सुकायला दुप्पट वेळ धरून चाला. साधा पॉलिश पेपर दमटपणाने मऊ पडतो. वॉटर पेपरच घ्या, ४०० नंबरने सुरुवात करून ६०० आणि १००० पर्यंत, पाणी लावून. धूळही उडत नाही.

सांधा मिटला की नाही हे उघड्या प्लॅस्टिकवर कळत नाही. करडा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारा आणि टॉर्च आडवी धरा. फक्त लॅकर प्रायमर भर पावसात मारू नका: उडणाऱ्या सॉल्व्हंटने पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि प्रायमर पांढरट होतो. तोवर सांध्यावर ब्रशने चंदेरी रंगाची एक रेघ ओढली तरी केसाएवढी चीर दिसते.