हाताच्या भेगा आणि सिरॅमाइडचं क्रीम: माझा अनुभव

मी कोथरूडला घरूनच पोळीभाजीचे डबे करते, त्यामुळे दिवसभर हात पाण्यात, मग पिठात, की परत पाण्यात. मागच्या थंडीत बोटांच्या पेरांवर भेगा पडायला लागल्या. पुण्याची कोरडी हवा, दरवर्षी थोडं होतंच, पण यावेळी लिंबू पिळताना नि लसूण सोलताना अशी आग व्हायची की डोळ्यांत पाणीच. आणि कळस म्हणजे रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लागेना. दुकानदार म्हणतो ताई, हात पुसून लावा, मी पुसून पुसून काय करणार, बोटांवरच्या रेषाच धड दिसत नव्हत्या!

स्किनच्या डॉक्टर मॅडमनी बघितल्या बघितल्या सांगितलं, हँड एक्झिमा, म्हणजे हातांच्या त्वचेचा दाह. सूज उतरायला स्टेरॉइडचं मलम दिलं, ते त्या सांगतील तेवढेच दिवस, मनाने पुढे चालू ठेवायचं नाही. बाकी खरं काम त्यांनी सांगितलेल्या सिरॅमाइडच्या क्रीमचं आणि माझं. त्यांनी समजावलं ते मला पटलं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि मधलं सिमेंट म्हणजे चरबी, त्यात साधारण निम्मं सिरॅमाइड, उरलेलं मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. (कोलेस्टेरॉल ऐकून सासूबाई दचकल्या, त्यांना वाटलं माझ्या रक्तात वाढलंय.) भांड्यांचा साबण ताटाचं तेल काढतो तसा हे सिमेंटही काढतो, मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं लिंबू, साबण, मसाला सगळं आत झोंबतं. शिवाय त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल, आणि साबणवडीचा ९-१०, म्हणजे उलट अल्कधर्मी, त्यानेही हा थर बिघडतो.

सासूबाईंचं म्हणणं, खोबरेल चोपड, कशाला ते महागडं. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या खोबरेलने वरून झाकलं जातं, मऊही वाटतं, पण त्यात सिरॅमाइड नसतं. ऑलिव्ह ऑइल मात्र नको म्हणाल्या, त्यातल्या ओलेइक ॲसिडने हा थर उलट विस्कटतो. करडई-सूर्यफुलात लिनोलेइक ॲसिड जास्त, आणि त्वचा स्वतःची काही सिरॅमाइडं त्याच्यापासूनच बनवते. तरी भेगा असताना मी क्रीमच लावलं.

क्रीमपेक्षा जड गेलं ते हात वाचवणं. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी ग्लोव्ह्ज, लिंबाला स्क्वीझर, लसूण मुलाकडे. कणीक ग्लोव्ह्जमध्ये मला मळता येत नाही म्हणजे नाहीच, मग मावशींना जास्तीचे पैसे देऊन ती त्यांच्याकडे दिली. हात धुतले की टिपायचे, रगडायचे नाहीत, आणि जरा ओलसर असतानाच क्रीम. रात्री वर व्हॅसलीनचा थर नि हातांत सुती मोजे, नवरा हसायचा.

आग लवकर थांबली पण कातडी धड व्हायला वेळ लागला, कारण खालच्या पेशी वर यायलाच साधारण महिना जातो, मध्येच कंटाळून सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. क्रीम घेताना एक बघा, डब्यावर सिरॅमाइड मोठ्या अक्षरात असतं आणि घटकांच्या यादीत पार खाली, पण ते मुळात थोडंच घालतात, त्यावरून लगेच नावं ठेवू नका. वास नसलेलं घ्या, एवढं नक्की. आणि बाटली बेसिनपाशीच ठेवा, माझी कपाटात होती तोवर दिवसातून एकदाच लावली जायची.